पाटील म्हणून वारल्याची हकीकत

भीमाआत्या गल्लीच्या तोंडापासून रडत आल्या तेव्हा मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. आवाज ओळखीचा होता. आपल्यातलं कोण गेलं असेल, याचा विचार मी करू लागलो. आत्या तोंडाला पदर लावून थेट माझ्यासमोर आल्या, थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, शेंगांकडे पाहिलं, आणि खाली बसून पुन्हा सुरू झाल्या. मी म्हटलं, आत्या, मी आहे. त्यांनी हातानेच थांब अशी खूण केली. "आता सूर काढलाय तर पुरा करू दे," म्हणाल्या. घोडेगावहून टेम्पोत उभं राहून आलेलं पंच्याहत्तरीचं माणूस, त्यांचं मन मोडवेना. मी शेंगा बाजूला ठेवल्या आणि माझ्यावरचं रडणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कुनाची मनीआर्डर एक दिस दाबली न्हाईस रं, माझ्या पोस्तमास्तरा, असं एक कडवं होतं. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण पस्तीस वर्षांच्या नोकरीत हे कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पुढचं कडवं तक्रारीचं होतं. आन् फेटा कवा बांधलास रं, मला न बोलावता. शेवटी त्यांनी डोळे पुसले, चहा घेतला, आणि जाताना रिवाजाप्रमाणे येते असं न म्हणता गेल्या.

पत्राची रीत मोडली. आधी नमस्कार, मग खुशाली, मग हकीकत, हा क्रम मला माहीत आहे. हयातभर दुसऱ्यांची पत्रं हाताळली आहेत (हाताळली, वाचली नाहीत, आंतरदेशीय पत्र उजेडाला धरल्यावर दिसतं तेवढंच). तर साडूभाऊ बिभीषणराव यांस सोनईहून कारभारीचा सप्रेम जय भीम. आम्ही इकडे हयात आहोत, आणि हे मी रिवाज म्हणून लिहीत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? जयमालाची शुगर? (दोघी बहिणी रोज फोनवर बोलतात आणि सुमन मला सगळं सांगते, त्यामुळे उत्तरं मला ठाऊक आहेत. पण विचारणं माझ्याकडून राहिलं होतं.) आपण आठ महिने बोललो नाही. मी आधी फोन करणार नाही, असं मी जूनमध्ये ठरवलं होतं आणि ते मोडलेलं नाही. पत्र म्हणजे फोन नव्हे. या पंधरवड्यात माझ्या मृत्यूनिमित्त सत्तावन्न माणसं घरी येऊन गेली. पाथर्डीकडची निम्मी माणसं ऊसतोडीला गेलेली आहेत, नाहीतर आकडा वाढला असता. त्या सत्तावन्नात तुम्ही नव्हता. हे पत्र एवढ्यासाठीच आहे. बाकीचं ओघात येईल.

झालं असं. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे एका सिनेमाचं शूटिंग झालं. आप्पासाहेबांचं मळ्यातलं घर तुम्ही पाहिलं आहे, ते सिनेमावाल्यांनी भाड्याने घेतलं. गोष्टीत घरचा कर्ता वारलेला होता, त्याचा फोटो भिंतीवर हवा होता, आणि पुण्याहून येताना फोटो विसरला. मग त्यांचा एक माणूस गावात फोटो शोधत फिरला. त्याला आमच्या बाहेरच्या खोलीत माझा निरोप समारंभाचा फोटो दिसला. चष्मा, शाल, गंभीर चेहरा (खात्याने भाषणं लांबवली होती). मला म्हणाले, घरातला मोठा माणूस दाखवायचा आहे. मी दिला. वारलेला आहे हे त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मोठा माणूस म्हटल्यावर पुढची चौकशी कोण करतो?

सिनेमात मी पाटील आहे. आडनावानेही आणि कामानेही. चाळीस एकर बागायत आहे, दोन मुलं आहेत आणि ती माझ्या फोटोखाली भांडतात. निरोप समारंभाच्या फोटोत फेटा नव्हता, तो कॉम्प्युटरवर बांधला म्हणे. कपाळाला गंध लावलं, चंदनाचा हार घातला, पुढे लाल बल्ब. आमच्या घरात सहा पिढ्यांत कोणाला चाळीस गुंठे मिळाले नाहीत, ते मला मेल्यावर मिळाले. आप्पासाहेबांना हे कसं वाटेल याची मला धास्ती होती. भिंत त्यांची. त्या भिंतीवर त्यांच्या आजोबांचा फोटो होता, तो उतरवून बारा दिवस मी होतो. शूटिंग संपल्यावर ते स्वतः फोटो घेऊन आले. काच पुसून आणली होती. ओट्यावर टेकले, पाणी घेतलं. "आजोबांना त्यांच्या जागी लावलं," म्हणाले. "तुमच्यासाठी ठोकलेला जास्तीचा खिळा तसाच हाय, मास्तर. येत जा." एवढं बोलून गेले. मी अजून गेलेलो नाही. पण ते आले होते, हे नोंदवतो.

पुढचा घोटाळा प्रशांतने केला. माझा पुतण्या, पुण्यात कंपनीत आहे, तुम्ही त्याला लहानपणी एस.टी.त फुकट बसवलं होतं. सिनेमाची जाहिरात मोबाईलवर आली. तिच्यात मी तीन सेकंद आहे. नायक माझ्यासमोर उभा राहून बाबा तुम्ही असता तर, असं म्हणतो आणि भिंतीवर मूठ आपटतो. मी डावीकडे कलतो. प्रशांतला अभिमान वाटला. त्याने त्या तीन सेकंदांतला फोटो काढून स्टेटसला लावला. हार, बल्ब, फेटा, आणि खाली लिहिलं, आमचे काका सिनेमात. आता आपल्याकडे हार घातलेला फोटो स्टेटसला दिसला की खालचं कोणी वाचत नाही. हात जोडतात आणि गाडी काढतात. फोनही करत नाहीत, कारण अशा घरी फोन करून खरं का म्हणून विचारणं वाईट दिसतं. विचारलं असतं तर एका मिनिटात मिटलं असतं. माणुसकीमुळे पंधरा दिवस लागले.

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी थोडक्यात सांगितलं. तिसऱ्या दिवशी नुसताच बसून राहिलो, समजायचं ते समजेल म्हणून. बायका आल्या की आधी सुमनच्या हाताकडे बघायच्या, मग माझ्याकडे. शेवटी सुमनने कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरल्या आणि गल्लीच्या बाजूला हात दिसेल अशी उभी राहू लागली. भाकरी करतानाही एक हात खिडकीत. पुरुषांची अडचण वेगळी. त्यांनी रिवाजाचा टॉवेल आणि टोपी आणलेली. माणूस जिवंत निघाला तरी ती परत घरी नेता येत नाही, अशुभ. मग ती माझ्याजवळ ठेवून, थोडं इकडचं तिकडचं बोलून जायचे. मुळा धरणाच्या पाण्याचं आवर्तन, कांद्याचा भाव. एकाने मला विचारलं, वय काय होतं मास्तर? मी म्हटलं, सदुसष्ट. तो म्हणाला, जायचं वय नव्हतं. मी म्हटलं, खरं आहे. तो गेल्यावर मला खरोखरच वाईट वाटलं.

तुम्ही येणार नाही हे उघड होतं. नगर जिल्ह्यात मी जिवंत असल्याची पक्की खबर ज्या घरात होती ते तुमचं घर. तरीही मी दर गाडीला बघत होतो. आलेले सगळे मेलेल्या माणसाला भेटायला आले होते. जिवंत माणसाला भेटायला कोणी आलं नाही.

आता जूनची गोष्ट. ती मी पुन्हा काढणार नव्हतो, पण हकीकत पूर्ण असलेली बरी. बावीस वर्षं आपण नगरला सिनेमा बघतो आहोत. तुम्ही पाथर्डीहून, मी सोनईहून, स्टँडवर भेट, एकमेकांशिवाय कोणी कोणता सिनेमा बघायचा नाही हा ठराव, आणि परतीच्या गाड्या लागेपर्यंत उभ्याने चर्चा. आपण काही जाणकार नाही. महिन्याला एक बघायचा आणि त्यावर महिनाभर बोलायचं. जूनच्या सिनेमात तुम्ही विनोदाच्या आधी हसलात. पहिल्यांदा मला वाटलं, कंडक्टरकीतून निवृत्त झालेला माणूस, पुढचं वळण ओळखतो. मग आई पडद्यावर अजून पोळ्या लाटत होती, धडधाकट, तेव्हा तुम्ही रुमाल काढलात. चार मिनिटांनी ती वारली. मध्यंतरात मी लघवीला उठलो तर म्हणालात, मध्यंतरानंतर नुसतं गाणं आहे, सावकाश या. तिथे माझी खात्री झाली. तुम्ही तो मंगळवारीच डेपोतल्या मंडळींबरोबर बघितला होता. स्टँडवर मी सरळ विचारलं. तुम्ही म्हणालात, "दोनदा बघितला तर काय बिघडलं? एकदा त्यांच्यासाठी, एकदा तुमच्यासाठी." हे उत्तर चांगलं होतं, हे मला आज कळतं. त्या वेळी मी म्हटलं की तुमच्या शेजारी बसणं म्हणजे शिळं जेवण. आणि रागाने समोर लागलेल्या गाडीत चढलो. ती राहुरीला निघाली होती. राहुरी येईपर्यंत उतरलो नाही.

तुमच्याशिवाय काही अडलं आहे असं समजू नका. या आठ महिन्यांत मी पाच सिनेमे पाहिले आणि माझी मतं पक्की आहेत. ती क्रमाने देतो.

ऐतिहासिक पाहिला. नायक तलवार उपसून साडेचार मिनिटं बोलतो आणि शत्रू ऐकून घेतो. शत्रू मला फार संयमी वाटला. घोड्यांचं काम उत्तम होतं, त्यांना संवाद नव्हते. आवाज इतका मोठा की छाती हलते, आणि माणसाला ती देशभक्ती वाटते. मग दक्षिणेकडचा, हिंदीत बोलणारा. नायक एका हाताने ट्रॅक्टर अडवतो. दुसऱ्या हातात विडी आहे, तिची राखही पडत नाही. ओठ काही म्हणतात, आवाज काही म्हणतो. तीन तास झाल्यावर समजतं की हा पहिला भाग होता. पाथर्डीचं तिकीट फाडून माणसाला अर्ध्या वाटेत करंजीला उतरवलं तर प्रवासी कंडक्टरला सोडतील का? इथे लोक टाळ्या वाजवतात. भुताचाही पाहिला. भूत बाईचं आहे आणि गावातल्या पुरुषांना छळतं. पण पुरुष आधीपासूनच इतके निकामी दाखवले आहेत की भुताला फारसं काम उरत नाही. मला भुताची दया आली. एवढ्या लांबून यायचं आणि हे.

चौथा बक्षीस मिळालेला, मराठी. एक म्हातारा अकरा मिनिटं विहिरीत बघतो. विहीर आपल्याला दिसत नाही, म्हातारा बोलत नाही. मागे कोणी तरी घोरत होतं, ते बराच वेळ पार्श्वसंगीत वाटलं. एप्रिलनंतर आपल्याकडे असे म्हातारे कुठेही बघायला मिळतात, त्यासाठी नगरला कशाला जायचं, असं म्हणत बाहेर पडावं असा हा सिनेमा. पण घरी आल्यावर तो म्हातारा दोन दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा चांगला असावा. पाचवा पत्राचा. वीस वर्षं वाट चुकलेलं पत्र नायिकेला मिळतं आणि ती ते छातीशी धरते. सगळं थिएटर रडतं म्हणे. मला रडू आलं नाही. पाकिटावरच्या तिकिटावर शिक्का नव्हता. शिक्का नाही म्हणजे ते पत्र खात्याच्या हिशेबी अजून पेटीत पडलेलंच नाही. मग वीस वर्षं कसली, आणि नायिका कशावर रडते? एवढ्या लोकांनी मिळून सिनेमा काढला, त्यांच्यात एकालाही कधी पत्र आलेलं नसावं.

थिएटरचं म्हणाल तर नवीन खुर्च्या आल्या आहेत. बटण दाबलं की पाय वर, डोकं मागे, समोर मोठा उजेड. दाढ काढायला आल्यासारखं वाटतं. गारठा एवढा की मफलर न्यावा लागतो, आणि मफलर नेला की अंधारात तो कुणाच्या तरी खुर्चीत अडकतो. मध्यंतरात वडा मिळत नाही. लाह्या मिळतात, बादलीभर. दोघांत एक पुरेल अशी बादली आहे. एकट्या माणसाने घेतली तर शेवटची अर्धी नुसती वाजते.

ज्यात मी आहे तो सिनेमा पाहिलेला नाही. तीन सेकंद पाहिले. वेळ झाला नाही, लोक भेटायला येत होते. पण जाहिरातीवरून मत देतो. कथा साधारण, नायक तापट, भिंत चांगली.

बाकी सर्व ठीक. जयमालाला जय भीम. चिरंजीव तुषारला आशीर्वाद. गुडघ्याला तिळाचं तेल लावा, डॉक्टर काहीही म्हणो.

आपला,
कारभारी (हयात)
सोनई, बुधवार

ता. क. : हे टपालाने टाकलं तर परवा पोचेल आणि उपयोग उद्यापुरताच आहे. म्हणून तिसगावमार्गे पाथर्डीला जाणाऱ्या जीपवाल्या कल्याणच्या हाती देतो. तो संध्याकाळी स्टँडवर असतो. त्याला उत्तर देऊ नका, तो वाचतो.

ता. क. दुसरा : वर पाच सिनेमांविषयी लिहिलं आहे, त्यातला एकही मी पाहिलेला नाही. दोनदा नगरपर्यंत गेलो. एकदा तिकीटही काढलं. आत जाऊन बसलो, बाजूची खुर्ची रिकामी होती, दिवे गेले, आणि मी उठून बाहेर आलो. सगळी मतं तुमची आहेत. तुम्ही जेवताना जयमालाला सांगता, ती सुमनला फोनवर सांगते, सुमन भाकऱ्या करताना मला सांगते. वाक्यं ओळखीची वाटली असतील. करंजीचं तर मी तसंच ठेवलं, मला सोनईच्या वाटेवरचं गाव तितकं बसवता येईना. शिक्क्याचं मात्र माझं आहे. ते जाहिरातीच्या कागदावरसुद्धा दिसतं. खुर्च्या आणि लाह्या त्या एका दिवसातल्या.

ता. क. तिसरा : माझ्या सिनेमाचा उद्या गुरुवारी शेवटचा खेळ आहे. सकाळी दहा चाळीस. शुक्रवारी तो उतरतो आणि मग मी कायमचा गेलो. सुमनला चल म्हटलं तर ती म्हणाली, तुम्हाला हार घातलेला मी बघणार नाही, सिनेमातलं खोटं असलं तरी. तिचं बरोबर आहे. पण एकट्याने बसून स्वतःचा हार घातलेला फोटो बघणं मला जमणार नाही. मी साडेसातच्या गाडीने निघतो. नऊपासून स्टँडवर पाथर्डी गाड्या लागतात तिथल्या बाकावर असेन. बोलायचं नसेल तर बोलू नका. मध्यंतरापर्यंत तर बोलायचं नसतंच. डेपोतल्या मंडळींबरोबर आधी पाहिला असेल तरीही या. हे मी विचार करून लिहीत आहे. पाहिला असेल तरीही या. फक्त मी कोणत्या भिंतीवर आहे ते अगोदर सांगू नका.

गुरुवार : कल्याणची जीप काल लग्नाच्या वऱ्हाडाला गेली होती. पत्र माझ्याच खिशात राहिलं. तरी मी गेलो. नऊ पंचवीसच्या पाथर्डी गाडीतून तुम्ही उतरलात. सुमनने जयमालाला सांगितलं होतं आणि जयमालाने तुम्हाला सकाळी कपडे काढून दिले होते. तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, चहा घेतला का?" मी नाही म्हटलं. घेतला होता. थिएटरवर गेलो तर खिडकीतल्या मुलीने सांगितलं की पाच तिकिटं गेल्याशिवाय खेळ लावत नाहीत. तुम्ही मागे वळून माणसं मोजलीत. दोन. अकरापर्यंत थांबलो, तिसरं कोणी आलं नाही. स्टँडवर परत येऊन बसलो. तुम्हीही जूननंतर एकही सिनेमा पाहिलेला नाही, असं बोलण्यात निघालं. जयमालाला सांगता ते तुषार मोबाईलवर वाचून दाखवतो त्यातलं. मग माझ्या सिनेमाविषयी बोललो. तुमच्या मते पहिला अर्धा भाग लांबला आहे. माझ्या मते दुसरा. साडेअकराची पाथर्डी गाडी लागली, ती तुम्ही सोडलीत.